कोरी बशी आणि वहिनींची डबी

ठप्, ठप्, ठप्. मग एक फुंकर. पुन्हा ठप्, ठप्.

हा आवाज ऐकून पासष्ट वर्षे तरी झाली असतील, पण तो माझ्या कानातून गेलेला नाही. आमचे चौथीचे गुरुजी डाव्या तळहातावर तंबाखू मळायचे आणि उजव्या हाताची चार बोटे तिच्यावर आपटायचे. त्या थापांवर आमचा अख्खा वर्ग कविता म्हणायचा. थाप पडली की ओळ सुरू, फुंकर आली की कडवे संपले. चुन्या-तंबाखूचा झणका नाकात जायचा, पुढच्या बाकावरचे कुणीतरी शिंकायचे, तरी चाल कुणाची चुकायची नाही. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, मुलांना वृत्ते शिकवली, मात्रा मोजायला लावल्या. पण माझी स्वतःची लय त्या तळहातावरची आहे. आजही एखादी जुनी कविता मनात म्हणू लागलो की शब्दांच्या आधी ती थाप ऐकू येते.

नाशिकच्या आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये ही आठवण मी एकदा फार रंगवून सांगत होतो. ऐकणारे मिळाले की मी वाहत जातो, हे या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांना सोसून माहीत आहे. कोपऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नव्याने रुजू झालेल्या एक तरुण बाई चहा घेत बसल्या होत्या. माझे संपले. दोघातिघांनी "वा, सर" म्हटले. त्या बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारले, "सर, ते गुरुजी तंबाखू कशात ठेवायचे?"

"कशात म्हणजे? पत्र्याच्या डबीत."

"डबी आतून ओलसर असायची का? बोट ओलं करून घालायचे का आत?"

"बाई, मी कवितेबद्दल सांगत होतो."

"हो, ते ऐकलं मी. छान होतं," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "पण त्या फुंकरीबरोबर तुमच्या वर्गात काय काय उडत असेल, याचा विचार करत होते."

डॉ. मंदाकिनी, म्हणजे आपणा सर्वांच्या मंदाताई, यांच्याशी माझा पहिला परिचय झाला तो असा. त्या दिवशी मला त्यांचा थोडा रागच आला होता. माझ्या बालपणात कुणीतरी सूक्ष्मदर्शक घेऊन शिरल्यासारखे वाटले.

यंदा मंदाताई साठ वर्षांच्या होत आहेत. मी पंचाहत्तरी ओलांडून बसलो आहे. हात लवकर दुखतो, आणि खरे सांगायचे तर शाल-श्रीफळाच्या समारंभांचाही आता शीण येतो. तरी समितीने लेख मागितला तेव्हा नाही म्हणवले नाही. आधी मंदाताईंनाच फोन केला. म्हटले, तुमच्याबद्दल काय लिहू? त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "लिहायचंच असेल तर वहिनींचं लिहा, सर. त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे आणि त्या डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. आयुष्यभर मी तंबाखूवर काम केलं आणि घरातलं एक माणूस मला दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेता आलं नाही. एवढं एक होत नसेल तर सत्कार कशाचा करताय?"

म्हणून हा लेख वहिनींचाही आहे. पण आधी मंदाताईंच्या कामाविषयी थोडे सांगायला हवे, कारण ते नीट समजून घेतल्याशिवाय वहिनींची गोष्ट कळणार नाही.

तंबाखूचे पान शेतातून निघते, वाळते, ढिगात पडून राहते, कुटले जाते, वर पाणी शिंपडून पुडीत भरले जाते. या प्रवासात जंतू तिच्यात वस्तीला येतात. न ओढता खायच्या, दातांना लावायच्या, गालात धरायच्या तंबाखूत कोणकोणते जंतू जगतात आणि तिथे राहून काय करतात, हा मंदाताईंचा विषय. त्यांची पद्धत मी शेकडो वेळा पाहिली आहे. चिमूटभर तंबाखू निर्जंतुक मिठाच्या पाण्यात भिजवायची, त्या पाण्याचा थेंब काचेच्या झाकणाच्या बशीत, खाली जी जेलीसारखी खीर थिजवलेली असते तिच्यावर पसरायचा, आणि उबेला ठेवून वाट पाहायची. मग त्या बशीत ठिपके उमटतात. पांढरे, सायीच्या रंगाचे, काही पिवळे, काही कडेला सुरकुतलेले. मंदाताई बशी खिडकीच्या उजेडात धरून म्हणत, "बघा सर, गाव वसलं." माझ्यासारख्याला ते आकाश वाटे. त्यांना ते काम वाटे.

यातले काही जंतू तंबाखूतल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्यातून पुढे कॅन्सरला कारण होणारी द्रव्ये वाढतात. ओल मिळाली की हा उद्योग जोरात चालतो. हे मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की आता कवितेसारखे पाठ आहे. पण यातले 'वाढतात' हे क्रियापद महत्त्वाचे, असे त्या नेहमी बजावत. विष मुळात पानातच असते. जंतू त्यात भर घालतात. लोक मात्र वाक्याचा उत्तरार्ध तेवढा घरी नेतात.

त्यांच्या हाताखाली नांदगावची एक विद्यार्थिनी होती. वडिलांची पानटपरी आहे हे ती सगळ्यांपासून लपवायची. मंदाताईंना कळले तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितले की बाहेरून नमुने आणण्यात आपला अर्धा वेळ जातो, तुझ्या घरीच एवढे प्रकार आहेत तर तू आमच्यात सगळ्यात श्रीमंत. मुलगी हसली आणि पुढल्या सोमवारी पिशवीभर पुड्या घेऊन आली. महिन्याभराने तिचे वडील विभागात येऊन उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, माझ्या मालात किडे निघाले म्हणून पोरगी घरात सांगती. हे बाहेर गेलं तर गिऱ्हाईक तुटंल हो."

मंदाताईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाल्या, "नाही तुटणार, दादा. माझी अडचण तीच तर आहे."

आता वहिनी.

मंदाताईंची आई त्या लहान असतानाच गेली. थोरले बंधू इगतपुरीला रेल्वेत होते. त्यांचे लग्न होऊन वहिनी घरात आल्या तेव्हा मंदाताई परकर सावरत शाळेत जायच्या वयाच्या. त्यांच्या वेण्या वहिनींनी घातल्या, त्यांच्या डब्यात भाकरी वहिनींनी बांधली, आणि मुलीला नाशिकला शिकायला ठेवायचे की नाही यावर घरात वाद झाला तेव्हा वहिनी तव्यावरची भाकरी करपू देऊन बाहेर येऊन बोलल्या, असे मंदाताई सांगतात. बंधू आता नाहीत. वहिनी इगतपुरीच्या घरात एकट्या राहतात. स्वभावाने ताठ, जिभेने तिखट. आणि त्यांना मशेरीची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजून, कुटून दातांना लावतात ती मशेरी; वहिनी तिला मिसरी म्हणतात.

मी मंदाताईंबरोबर प्रथम त्यांच्याकडे गेलो तो श्रावण होता. इगतपुरीच्या त्या पावसात मिठाच्या बरणीत पाणी उभे राहते, तिथे तंबाखू कुठून कोरडी राहणार? वहिनींची डबी चुलीजवळच्या कोनाड्यात होती, तरी झाकण उघडताच ओलसर वास आला. मंदाताईंनी चिमटा, कुपी काढली. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"मंदे, तुला एवढी शिकवली ती माझीच डबी खरवडायला का गं?"

"थोडीशीच घेते, वहिनी."

"घे, घे. ह्या मास्तरांना बी दे चिमूटभर. बघ कसे बघत्यात."

मी मराठीचा मास्तर आहे हे कळल्यावर मात्र त्या ओट्यावर बसल्या आणि चौथीतली एक कविता त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली. शेवटचे कडवे काही केल्या आठवेना. ते मी म्हटले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू त्यांचे हरवलेले काहीतरी मी खिशात घेऊन फिरत होतो. तेव्हापासून मी त्यांचा मास्तर. त्या दिवशी मंदाताई कुप्यांवर खुणा करत होत्या आणि आम्ही दोघे म्हातारपणाकडे निघालेली माणसे पावसाकडे पाहत एकामागून एक कविता म्हणत होतो.

त्या डबीची बशी ठिपक्यांनी गच्च भरून निघाली. मंदाताईंनी ती मुद्दाम इगतपुरीला नेऊन दाखवली. वहिनी कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हे समदं माज्या तोंडात?" एवढेच बोलल्या. परतताना मंदाताई खिडकीशी बसून गुणगुणत होत्या. त्यांना गुणगुणताना मी त्याआधी ऐकले नव्हते आणि त्यानंतरही फारसे नाही.

मध्येच एक सांगून घेतो, नाहीतर राहून जाईल. माझी पत्नी गेली त्या वर्षी भेटायला खूप लोक आले. पुष्कळ बोलले. मंदाताई एका रविवारी आल्या, बोलल्या काहीच नाहीत, सरळ स्वयंपाकघरात गेल्या. एकेक डबा उघडून वास घेतला. जाळी धरलेले पीठ, बुरशी चढलेले लोणचे, पोरकिडे झालेली डाळ असे सगळे काढून टाकले, डबे घासले, उन्हात उपडे घातले. मी दारात उभा राहून म्हटले, "राहू द्या हो, तिच्या हातचं आहे ते लोणचं." त्या थांबल्या. बरणीत बराच वेळ पाहिले. मग वरची बुरशी आलेली फोड काढून फेकली, खालून चांगल्या निघालेल्या दोन फोडी धुतलेल्या वाटीत ठेवून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या चालतील. आज जेवताना संपवा, उद्यावर ठेवू नका." त्यानंतर कित्येक रविवार त्या इंदिरानगरच्या माझ्या घरी येत राहिल्या. शास्त्र आणि माया यांचे भांडण आहे असे जे म्हणतात, त्यांना मी त्या वाटीची गोष्ट सांगतो.

तर वहिनी. दिवाळी उलटून गेल्यावर आम्ही पुन्हा गेलो. वहिनी वाटच बघत होत्या. कोनाड्यातली पत्र्याची डबी गेली होती. तिच्या जागी घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी होती.

"दोनदा भाजली," वहिनी एकेक बोट दुमडत सांगू लागल्या. "मंग उन्हात घातली. बरनी उकळून घेतली. ओलं बोट नाय, कोरडा चमचा. हात साबनानं धुते आधी. घे मंदे, आता तपास."

मंदाताईंचा चेहरा उतरला. "वहिनी, मी सोडा म्हणत होते. धुवा नव्हते म्हणत."

"तू म्हनली त्यात जंतू हायेत. मी काढले. आता घे म्हंते ना."

मंदाताईंनी नमुना घेतला. बशी उबेला ठेवली. ती जवळजवळ कोरी निघाली. कडेला दोन-तीन ठिपके, बाकी स्वच्छ चंद्रासारखी.

मी त्या दिवशी प्रयोगशाळेत होतो. मंदाताई ती बशी हातात घेऊन बसून राहिल्या. मी म्हटले, "मंदाताई, त्यांना सांगूच नका. नाहीतर जुनीच बशी दाखवा. चांगल्यासाठीच की."

त्यांनी मान हलवली. "सर, माझी बशी एकदा खोटं बोलली की उद्या खरं बोलेल तेव्हा कोण ऐकेल?"

आणि त्या इगतपुरीला जाऊन खरे ते सांगून आल्या. जंतू कमी झाले, वहिनी, पण विष पानातच आहे, भाजून ते जात नाही, उलट भाजण्याने नवे काही तयार होते, हे सगळे समजावून सांगितले. वहिनींनी पहिले तीन शब्द ऐकले. बाकीचे त्यांना ऐकायचे नव्हते. सबंध आळीत झाले: माझ्या नणंदेनं मशिनीत घालून तपासली, एक जंतू नाय. मंदाताई पुढच्या खेपेला गेल्या तेव्हा ओट्यावर आळीतल्या बायका डब्या, बरण्या, पुरचुंड्या घेऊन बसलेल्या. "ताई, आमची बी तपासून द्या. आमीबी उन्हात घातलीय." एकीने तर घरच्या माणसाचा जर्दाही आणला होता, म्हणाली, ह्यांचा बी पास करून टाका.

परतीच्या गाडीत मंदाताई एकदाच बोलल्या. "मी सोडवायला गेले होते, सर. प्रमाणपत्र वाटून आले."

त्यांच्या जागी दुसरे कुणी असते तर त्याने लोकांच्या अडाणीपणावर बोट ठेवले असते. मंदाताईंनी स्वतःचे भाषण बदलले. त्यानंतर गावोगावच्या बायकांपुढे, शाळांत, बाजाराच्या दिवशी नांदगावला, कुठेही बोलायला उभ्या राहिल्या तरी त्यांनी बशी आधी काढली नाही. आधी पान, त्याचे विष, तोंडातले चट्टे. सगळे सांगून झाल्यावर शेवटी जंतू, तेही भर घालणारे म्हणून. ज्यांच्या अभ्यासात उमेदीची वर्षे घालवली त्या जंतूंना त्यांनी स्वतःच्या हाताने मागच्या बाकावर बसवले. तेच भाषण, त्याच शांत आवाजात, वर्षानुवर्षे. मी पुष्कळदा बरोबर असे आणि कंटाळून बाहेर झाडाखाली जाऊन बसे. त्यांना कंटाळा येत नसे असे नाही. मी एकदा विचारले तर म्हणाल्या, "येतो ना. पण समोरची बाई पहिल्यांदाच ऐकत असते."

आणि गेल्या हिवाळ्यात, कुठल्याशा थट्टेवर वहिनी तोंड उघडून खदखदा हसल्या तेव्हा मंदाताईंना त्यांच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा दिसला. मशेरी जिथे दाबून धरतात नेमका तिथे. त्या दिवसापासून मंदाताईंनी विनवण्या केल्या, रागावल्या, रडल्याही. असा चट्टा कधी काहीच नसतो, कधी पुढच्या मोठ्या दुखण्याची सुरुवात असते. डॉक्टरांनी लहानसा तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही. वहिनींचे उत्तर एकच. "तूच तर तपासली ना? मंग डाक्टर तुझ्याहून शाना लागून गेला का?" बशी खरे बोलली होती. त्याचीच ही शिक्षा, असे त्या धरून बसल्या आहेत. झोप लागत नाही म्हणतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

परवा मी वहिनींना फोन केला. विचारल्याशिवाय लिहिणे बरे नव्हते.

"वहिनी, मंदाताईंच्या साठीचं पुस्तक निघतंय. त्यात तुमच्या डबीचं लिहितोय. चालेल ना?"

"लिवा की. नाव नगा टाकू, वहिनीच म्हना."

"चट्ट्याचंही लिहावं लागेल."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"शेवट काय केलाय?"

"शेवट अजून नाही, वहिनी. गोष्ट संपली नाही तर लिहू कसा?"

"तुमी मास्तर लोक," त्या म्हणाल्या, "शेवटलं कडवं नेहमी दुसऱ्याकडून म्हनून घेता." आणि फोन ठेवून दिला.

असो. आता आवरते घेतो. अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचे आयुष्य चिंतायचे असते. मंदाताईंसाठी मी एवढे मोठे काही मागत नाही. त्यांना रात्रीची सलग झोप लागो. डोळे असेच राहोत, खिडकीच्या उजेडात बशीतला बारीक ठिपका दिसेल इतके. गुडघे ओट्याच्या पायऱ्या चढू देवोत. आणि त्यांनी जे खरे सांगितले ते, पूर्ण वाक्य, एकदा तरी कुणीतरी घरी घेऊन जावो. ते पाहायला त्यांना निरोगी, भरपूर

वाक्य इथेच तुटले आहे आणि ते मी तसेच ठेवतो. आमची बेल बरेच दिवस बंद आहे. आत्ता दारावर तळहाताच्या थापा पडल्या, ठप्, ठप्, ठप्, आणि क्षणभर मी चौथीच्या वर्गात होतो. दार उघडले. वहिनी उभ्या. हातात पिशवी, बगलेत छत्री, जिना चढून दम लागलेला. एकट्या.

"लिवला का शेवट?"

"वहिनी! तुम्ही एकट्या? थांबा, मंदाताईंना फोन..."

"तिला नगा सांगू अजून. ती माजं तोंड बघून रडंल, मंग मीच तिला समजावत बसंन." त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "तिच्या सत्काराला मला पुढं बसायचंय, मास्तर. तोंडाला पदर लावून नाय बसायची. सकाळपासून मिसरी लावली नाय, नुसत्या पान्यानं दात घासले. चला, कुठला दवाखाना म्हंती ती, दाखवा."

त्या बाहेरच्या खोलीत पाणी पीत आहेत तेवढ्यात हे लिहून टाकले. वरचे दीर्घायुष्याचे अर्धे वाक्य वाचकांनी पूर्ण करावे आणि ते दोघींसाठी धरावे. मला आता चपला सापडत नाहीत, आणि बाहेरून आवाज येतो आहे, "मास्तर, चला की. मंग माजं मन फिरंल."